आत या, दार लावा

३ मार्च

प्रिय वन्संबाई,

‘वन्सं’ म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं. फोनवर बोलायचं तर तुझ्या मागे साहेब असतात आणि माझ्यासमोर गिऱ्हाईक. म्हणून पत्र.

तुमचा सराव झाला, म्हणजे फसला. आपत्ती कार्यालयात तुझ्या टेबलावर अहवाल आलाच असेल, पण अहवालात कुणी हसत नाही आणि रडतही नाही, म्हणून आता माझ्याकडून ऐक.

त्या सकाळी मी औषधांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. एक आजोबा तक्रार घेऊन आले होते. तुम्ही घरोघर वाटायला दिलेली आयोडीनची गोळी त्यांनी गुडघ्यासाठी घेतली आणि गुण आला नाही. मी म्हटलं, “आजोबा, ही अणुप्रकल्पात काही झालं तरच, आणि सांगितल्यावरच घ्यायची.” तर म्हणतात, “प्रकल्पाला काही होईल तेव्हा होईल, माझा गुडघा आत्ता दुखतोय.” तेवढ्यात भोंगा झाला आणि पाण्याच्या टाकीवरच्या कर्ण्यातून तुझा आवाज आला. अगं, तुझा आवाज! ध्वनिमुद्रण तू केलंस हे सांगायचं तरी. मला क्षणभर वाटलं, आता तू ‘वहिनी, चहात साखर कमी आहे’ म्हणणार.

आणि मग सगळी गल्ली बाहेर आली. शिंपीकाका गळ्यात टेप, कानावर खडू अशा थाटात. घरासमोरची सून ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहून अणुभट्टीच्या घुमटाकडे बघत होते, जणू तो आता काहीतरी बोलणार आहे. घरात बसून राहिले फक्त आपले नाना. शब्दकोडं सोडवत होते. सरकारचं ऐकणारा अख्ख्या गल्लीत एकच माणूस निघाला, आणि त्याला ऐकू येत नाही.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग कुणीतरी म्हणालं, “शाळा!” आणि आम्ही सगळ्या आया धावत सुटलो. शिपाईमामा आतून फाटक लावत होते, त्यांना तसं सांगितलेलं होतं. आम्ही बाहेरून ढकलत होतो. मी सगळ्यांत पुढे होते. मला बघून ठकी वर्गातून पळत आली, फाटकापाशी पोचली, आणि त्याच वेळी फाटक आत गेलं.

तिच्या मनगटाचं हाड मोडलं आहे. प्लॅस्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं लवकर जुळतात. तिला प्लॅस्टरवर चित्रं काढायला मिळतात म्हणून ती खूश आहे. मी नाही.

तुझा दादा तेव्हा प्रकल्पात कामावर होता. त्यांचा आतला सराव म्हणे घड्याळासारखा झाला. आत घड्याळ, बाहेर बाजार.

उत्तर लिही.

तुझी,
वहिनी

९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शिंपीकाकांपर्यंत हसले आणि पुढे गेलेच नाही, चहा आणायला उठले. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत वाचलं, आणि चहा तसाच राहिला.

ठकीचा हात कसा आहे? उजवा की डावा, ते तू लिहिलंच नाहीस. रात्री दुखतो का? प्लॅस्टरच्या आत खाज सुटली तर पट्टी वगैरे घालू देऊ नकोस हं. दुकानदारीण तू, आणि सांगते मी!

तू घाबरली असशील, म्हणून आधी कामाचं सांगते. प्रकल्पाबाबत मला काळजी वाटत नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मी जाऊन बघितलं आहे. भट्टीभोवती भिंतीत भिंत आहे. वीज गेली तर पंप चालवायला जनित्रं आहेत, आणि ती आता उंचावर नेली आहेत, पूर आला तरी पाणी तिथवर पोचणार नाही. फाटकावरचा पहारा वाढवला आहे. कुंपणालगतच्या पट्ट्यात नवीन घर बांधायला बंदी आहे. तुमच्या प्रत्येक चौकात खांबावर जी पांढरी पेटी दिसते ना, जिला मुलं पक्ष्याचं घरटं समजतात, ती किरणोत्सर्ग मोजते आणि आकडा थेट आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसतो. रोज सकाळी मी तुमच्या चौकाचा आकडा बघते. तोंड धुतल्यावर पहिलं काम ते. एवढे पहारेकरी राजाच्या महालालाही नसतील.

तेव्हा ते सगळं नीट आहे.

आता एक विनंती. ठकीला माझ्याकडे पाठव. परीक्षा झाली की लगेच, पुढच्या वर्षासाठी. माझ्या घरापासून शाळा दोन वळणांवर आहे, मी जाऊन बाईंना भेटूनही आले. जागा आहे, म्हणाल्या. मी एकटी असते, तिचं सगळं करीन. वेणी घालायला शिकेन. दर शनिवारी तिला तुमच्याकडे घेऊन येईन. दादाशी मी बोलेन, तू फक्त हो म्हण.

तुझी,
वन्सं (बघ, चिडले नाही)

१४ मार्च

प्रिय वन्सं,

हात डावा आहे. दुखत नाही, खाज सुटते. पट्टी घालू दिली नव्हती, तिने पेन्सिल घातली. ती आता आतच आहे.

तुझं पत्र मी नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. जनित्रांपर्यंत ते मान हलवत होते. ठकीचं आल्यावर म्हणाले, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. तर म्हणाले, “ही आपलीच मुलगी ना?” आणि कोडं उघडून बसले. त्या दिवशी ते कोडं काही सुटलं नाही.

आता माझं ऐक. रागावून नाही लिहीत, पण स्पष्ट लिहिते.

पत्राच्या पहिल्या पानावर तू म्हणतेस, सगळं नीट आहे. दुसऱ्या पानावर म्हणतेस, मूल इथून हलव. बाई गं, यातलं खरं कोणतं? सरकारी कागदावर एक आणि घरच्या पत्रात एक, असं असेल तर मला घरच्या पत्रातलं खरं मानावं लागेल. आणि तसं असेल तर एकट्या ठकीलाच का? समोरच्या सुनेचं तान्हं आहे, शिंपीकाकांची नातवंडं आहेत. त्यांना आत्या नाहीत म्हणून त्यांनी इथे राहायचं का?

तुला एक माहीत नसेल. दुकानात रोज कुणीतरी मला विचारतं, “तुमची नणंद त्या कार्यालयात आहे ना? ती काय म्हणते?” मी औषधं विकते, तुमच्या गोळ्याही माझ्याच दुकानातून वाटल्या जातात. उद्या माझंच मूल गावातून गेलं, तर मला काही बोलावंच लागणार नाही. आठवड्यात अर्धी गल्ली सामान बांधेल. आणि मी गल्ल्यावर बसून काय सांगू? ‘सगळं नीट आहे’?

तुझं एकटेपण मला दिसतं. तू वेणी घालायला शिकशील, हे वाचून मी जरा वेळ पत्र खाली ठेवलं होतं. पण ती गोष्ट वेगळी. ती हवी असेल तर ती म्हणूनच माग.

दादाशी बोलू नकोस. तो तुला हो म्हणेल, मला हो म्हणेल आणि कामावर निघून जाईल.

आणि हो, शिंपीकाकांनी नवीन काढलं आहे. ते म्हणतात, चूक लोकांची नाहीच, सरकारच म्हणालं बाहेर पडू, सरकारच म्हणालं शाळेकडे जाऊ. कापड वाया गेलं की शिंपी कात्रीला दोष देतो, तसलंच हे. अर्थात खरं सांगायचं तर मलाही तसंच काहीतरी ऐकू आलं होतं. भीती वाटली की माणसाला काहीही ऐकू येतं.

तुझी,
वहिनी

२२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी शिंपीकाकांची माफी मागते. कात्रीच बोथट होती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जरा रागातच कामाला बसले. सराव बघायला आलेल्या आमच्या माणसाने तुमच्या गल्लीत उभं राहून फोनवर चित्रण केलं होतं. सगळ्यांनी ते चेहरे मोजायला बघितलं होतं, ऐकलं कुणीच नव्हतं. मी कानाला लावून ऐकलं. मी लिहिलेली आणि मीच बोललेली वाक्यं अशी होती : ‘कृपया घराबाहेर पडू नका. शाळेकडे जाऊ नका. रस्त्यावर थांबू नका.’

गल्लीत उभं राहून काय ऐकू येतं माहीत आहे? ‘कृपया घराबाहेर पडू.’ मग वारा. ‘शाळेकडे जाऊ.’ मग दुसऱ्या खांबावरच्या कर्ण्याचं ‘कृपया’ त्यावर येऊन आदळतं. ‘रस्त्यावर थांबू.’

‘नका’ कुठेच नाही, वहिनी. एकही पोचलेला नाही. आपण भाषाच अशी बोलतो, आधी सगळं सांगून टाकतो आणि नाही म्हणायचं ते सगळ्यात शेवटी. समोरासमोर बोलताना चालतं, समोरचा शेवटपर्यंत थांबतो. वारा थांबत नाही. तुम्ही बाहेर पडलात, रस्त्यावर थांबलात, शाळेकडे गेलात. तुम्ही आमचं शब्दशः ऐकलंत. गल्लीत न ऐकणारे एकटे नानाच.

त्या संध्याकाळी मी घरी आले नाही, कार्यालयातच बसून राहिले. ठकीचं मनगट मोडलं त्यामागे माझा आवाज होता, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग उठले आणि नवीन वाक्यं लिहिली. त्यात ‘नका’ नाही. वाक्याचा पहिला शब्द जरी ऐकू आला तरी काम व्हावं अशी आहेत : ‘आत या. दार लावा. मुलं शाळेच्या आत आहेत. बाई त्यांच्यासोबत आहेत.’

साहेब म्हणाले, “ ‘आत या’? ही काय सरकारी भाषा झाली? ‘नागरिकांनी कृपया घरातच थांबावे’ असं हवं.” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही लहानपणी खेळत असताना तुमची आई काय म्हणायची? ‘नागरिकांनी कृपया’?” ते हसले नाहीत, पण सही केली. आता कर्णेही बदलतोय, दोन खांब एकमेकांवर ओरडणार नाहीत असे.

आता तुझा प्रश्न. खरं कोणतं?

प्रकल्पाबद्दल लिहिलं ते खरं होतं. भिंती, पंप, पहारा, पेट्या, त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. पण त्या भिंतीबाहेर जो भाग आहे, म्हणजे भोंगा वाजल्यावर तू काय करशील, शिपाईमामा काय करतील, तान्हं घेऊन ती सून कुठे जाईल, तो माझ्या टेबलावर पूर्ण होता आणि तुमच्या गल्लीत नव्हताच. हे मला तुझं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. कळलं, आणि मी योजना दुरुस्त करण्याऐवजी फक्त माझी भाची उचलायला निघाले. तुला राग यायला हवाच होता.

म्हणून एक अट घालते. पुढचा सराव होऊ दे. लोक पुन्हा शाळेकडे धावले किंवा मुलं बाहेर आली, तर मी स्वतः येऊन ठकीला घेऊन जाईन, मग तू अडवायचं नाहीस. आणि सराव नीट झाला, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. कबूल?

तुझी,
वन्सं

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

कबूल. नानांनाही विचारलं. ते म्हणाले, “काय?” मग पुन्हा सांगितल्यावर म्हणाले, “मी ऐकलं नाही म्हणून मला सरकारने बक्षीस द्यावं.” सध्या गल्लीत त्यांची छाती फुगलेली असते.

शिंपीकाकांना मी तुझी माफी पोचवली. त्यांनी टेप गळ्यातून काढून घडी घातली, पुन्हा गळ्यात घातली आणि म्हणाले, “सरकार चुकलं म्हणालं? लेखी?” मी म्हटलं, “लेखी.” तेव्हापासून तुझ्या कामात ते माझा उजवा हात झाले आहेत. कुणाच्या दाराला फट आहे, कुणाची खिडकी लागत नाही, सगळं त्यांना पाठ. दाराखाली ठेवायला चिंध्यांच्या लांब गुंडाळ्या शिवून देतायत घरोघर. चिंध्यांचा रंग निवडायला बायका रांग लावतात.

मी गोळीचं काम घेतलं. प्रत्येक घरी जाऊन पाकीट भिंतीवर, विजेच्या मीटरशेजारी चिकटवून आले. डब्यात ठेवलं की ते लवंगा-दालचिनीत हरवतं किंवा गुडघ्याला जातं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आत्ता घेऊ नका’, आणि लिहिल्यावर लक्षात आलं! खोडलं. आता लिहिलंय, ‘सांगितल्यावरच घ्या.’

शाळेत तुमची माणसं आली होती. मधल्या मोठ्या खोलीच्या खिडक्या पक्क्या केल्या, हवा गाळून घेणारं यंत्र बसवलं. मुलांची सोय आता खरंच चांगली आहे. मुख्य बाईंनी आम्हा सगळ्या आयांना बोलावून ती खोली दाखवली. पाणी आहे, चटया आहेत, खडू आहेत. आम्ही एकेक जणी जमिनीवर बसून बघितलं. बसल्यावर जरा बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही.

आता खरी अडचण. मी सगळ्यांना समजावते, पण माझं मलाच माहीत नाही. भोंगा झाला, ठकी शाळेत, मी दुकानात, तर माझे पाय ऐकतील का? डोकं ऐकेल. पायांचं सांगता येत नाही.

म्हणून एक मागते. सरावाची तारीख हळूच सांग ना. कुणाला कळणार नाही. मला फक्त मन तयार ठेवायचं आहे.

तुझी,
वहिनी

६ एप्रिल

वहिनी,

नाही.

आणि सांगायची म्हटलं तरी मला माहीत नाही. माझं माहेर तुमच्याच गावात, म्हणून साहेबांनी तारीख माझ्यापासूनही लपवून ठेवली आहे. योग्यच केलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तू पत्र पाठवून मला पिळलं असतंस.

तुझे पाय ऐकतील. मी तुला ओळखते.

वन्सं

१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

झालं.

सांगते, पण आधी हे लक्षात घे की तो सराव आहे हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तुझा दादा प्रकल्पात कामावर होता. ठकी शाळेत होती. दुकानात चार माणसं होती आणि मी एका बाईंना डोळ्यांच्या औषधाचे थेंब कसे घालायचे ते सांगत होते.

भोंगा झाला. आणि मग तू. ‘आत या.’

इतकं स्पष्ट की डोळ्यांच्या बाईंनी दाराकडे बघितलं, कुणी बोलावतंय का म्हणून. मी शटर खाली ओढायला लागले. रस्त्यावर समोरची सून, कडेवर तान्हं. तिचं घर दुकानापासून जरा लांब. “ताई, आत येऊ?” “ये, ये, वाकून ये.” ती आली आणि मी शटर लावलं. शिंपीकाकांची गुंडाळी खाली सरकवली. निळ्या-पिवळ्या चिंध्यांची आहे, मीच निवडलेली.

आणि मग मी तिथेच उभी राहिले, कडीवर हात ठेवून.

वन्सं, खरं सांगते, हात कडीवरून निघेना. बाहेर तुझा आवाज फिरत होता, ‘दार लावा, दार लावा’. माझ्या डोक्यात एकच विचार : आत्ता निघाले तर पोचते. शटर अर्धं उचललं तर कुणी अडवणार नाही, दुकान माझंच आहे. मागून ती सून रडवेली म्हणाली, “ताई, माझा मोठा शाळेत आहे. मी जाऊ का?”

तेव्हा तू म्हणालीस, ‘मुलं शाळेच्या आत आहेत. बाई त्यांच्यासोबत आहेत.’

मला ती खोली दिसली. आम्ही जमिनीवर बसून बघितली होती ती. चटया, खडू. मी कडीवरचा हात काढला आणि त्या पोरीला म्हटलं, “बाळाला माझ्याकडे दे, आणि त्या फळीवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या लावून दे. डोकेदुखीच्या इकडे, तापाच्या तिकडे.” तिने सगळ्या चुकीच्या लावल्या. मी त्या पुन्हा लावायला सांगितल्या, हात कामात राहावेत म्हणून. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं. डोळ्यांच्या बाई म्हणाल्या, “एवढ्या वेळात माझे थेंब तरी घालून द्या.” ते घातले. मग आम्ही सगळे हसलो, उगाचच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईंच्या डोळ्यांतून तर येणारच होतं.

मग तुझा आवाज आला, ‘सराव संपला. दार उघडा.’ आणि दाराकडे धावताना माझा गुडघा गल्ल्यावर आपटला. त्या आजोबांची गोळी घ्यावी वाटली.

तुझा दादा संध्याकाळी घरी आला. एरवी तो येतो, जोडे काढतो आणि विचारतो, काय विशेष? त्या दिवशी जोडे न काढताच म्हणाला, “तू दुकानात होतीस?” “होते.” “पूर्ण वेळ?” “पूर्ण वेळ.” जोडे काढले. मग म्हणाला, “मी आत काम करत होतो तेव्हा मला तेच हवं होतं.” तुझ्या दादाच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच.

आता शाळेचं. एकही आई फाटकाशी गेली नाही. मी एकेकीला विचारलं. पण शिपाईमामा सांगत होते, एक बाई आली होती. पळत. एका पायात चप्पल, दुसरी कुठे ते माहीत नाही. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. फाटक गदागदा हलवलं म्हणे. मामा म्हणाले, “बाई, तुम्हाला आत घेतो, पण मूल बाहेर देणार नाही.” बाजूच्या लहान दारातून तिला आत घेतलं आणि दार लावलं.

मी म्हटलं, असेल कुणीतरी परगावची. तर घरी आल्यावर ठकी म्हणते, “आत्या आली होती. तिला मी म्हटलं, रडायचं नाही, चटईवर बसायचं. मग बसली.”

अट तू घातली होतीस. लोक शाळेकडे धावले की ठकी तुझ्याकडे. एक माणूस तर धावलं. तेव्हा सराव फसला की नाही, ते आता तूच ठरव. तू म्हणशील तसं. मी शब्द दिला आहे आणि मी तो पाळीन.

तुझी,
वहिनी

२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

चप्पल नाल्याशेजारी सापडली. शाळेजवळच्या न्हाव्याने जपून ठेवली होती.

मी त्या दिवशी शाळेजवळच्या खांबावरचा नवा कर्णा तपासायला आले होते. काम झालं की तुमच्याकडे जेवायला येणार होते, न सांगता. तेवढ्यात भोंगा. मला वाटलं खरंच. का नाही वाटणार? तारीख मला माहीत नव्हती, आणि माझ्या डोक्यावरच्या कर्ण्यातून मीच ओरडत होते. वहिनी, स्वतःचा आवाज आपल्यालाच हुकूम सोडतो तेव्हा काय वाटतं, हे तुला सांगता येणार नाही. न्हावी दारात उभा राहून हाका मारत होता, “बाई, आत या! आत या!” माझेच शब्द. अख्खी नियमावली मला तोंडपाठ आहे, पण ती माझ्या पायांनी कधी वाचली नव्हती. मी त्याच्या दारासमोरून पळाले.

फाटकाशी मी मामांना काय म्हणाले ते त्यांनी तुला सांगितलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मी म्हणाले, “मी अधिकारी आहे, उघडा.” ओळखपत्र दाखवलं. ते म्हणाले, “अधिकाऱ्यांनीच सांगितलंय उघडायचं नाही.”

मग आत. ठकीने मला बसवलं, आणि आपल्या प्लॅस्टरवर चित्र काढायला खडू दिला. मुलं जोरजोरात पाढे म्हणत होती. एकही मूल रडत नव्हतं, माझ्याखेरीज कुणीच नाही. मी चटईवर बसून तुझी वाट बघत होते, वहिनी. दर क्षणाला वाटत होतं, आता तुझी हाक येईल फाटकावरून. ती आली नाही. आणि जसजशी येत नव्हती, तसतसा मला श्वास घेता यायला लागला.

परवा साहेबांसमोर अहवाल लिहायला बसले. ‘सराव काळात रस्त्यावर आढळलेल्या व्यक्ती : एक.’ ते म्हणाले, “कोण होती? नोंद हवी का?” मी म्हटलं, “हवी,” आणि पदनामासकट लिहिलं. त्यांनी पदनाम वाचलं. मग म्हणाले, “म्हणजे सराव नापास?” हाच प्रश्न तू विचारलास.

मी दोन दिवस विचार केला. फसला म्हणायचा मोह मला झाला नाही, असं नाही. फक्त हो म्हटलं असतं तर ठकी माझ्याकडे आली असती, आणि तू शब्द मोडला नसतास. एवढा सोपा मोह आयुष्यात पुन्हा यायचा नाही.

पण ते खरं नाही. कुणीच धावणार नाही, अशी योजना नसतेच. कुणीतरी धावणारच, आज मी, उद्या आणखी कुणी. योजना म्हणजे धावणाऱ्याला फाटक बंद मिळणं, आणि बंद फाटकाशेजारी त्याच्यासाठी एक लहान दार उघडं असणं. ते दोन्ही होतं. माझ्या ओळखपत्राला मामा बधले नाहीत. तू कडीवरचा हात काढलास. मुलं पाढे म्हणत राहिली. साहेबांना मी सांगितलं, “सराव पास.” आणि खाली सही केली.

एक गोष्ट मात्र मागते, तू म्हणालीस तशी, ती म्हणूनच मागते. मला ठकी हवीशी वाटते. सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव, महिनाभर, लाडासाठी, आणखी कशासाठीही नाही. वेण्या मला अजून वाकड्याच येतात.

राहिलं ते एक वाक्य. मागच्या वेळी कागदावर एक लिहिलं होतं आणि पत्रात दुसरं. या वेळी दोन्हीकडे तेच आहे. अहवालात लिहिलं आहे की शाळा जागच्या जागी सुरक्षित आहे, मुलांना हलवण्याची गरज नाही. तुला लिहिते : ठकीला तिथेच राहू दे.

तुझी,
वन्सं